जिभाऊंची न खपलेली रेकॉर्ड

जिभाऊंनी नाक मुरडलं की कंपनीचा एजंट खूश व्हायचा. हे ऐकीव नाही, मी स्वतः पाहिलेलं आहे. वर्षातून दोन-तीनदा तो मुंबईहून यायचा. नंदुरबारला गाडीतून उतरून मोटारीने शहाद्याला, आणि मग जिभाऊंच्या दुकानात बसून नव्या रेकॉर्डींचे नमुने एकेक करून फोनोवर, म्हणजे चावीच्या ग्रामोफोनवर, लावायचा. गाण्याकडे त्याचं लक्षच नसायचं, तो टक लावून बघायचा जिभाऊंच्या तोंडाकडे. जिभाऊंनी जांभई दिली, कपाळाला आठी घातली किंवा तंबाखूची डबी उघडून उगाच आत बघायला लागले, की हा पठ्ठ्या लगेच वहीत त्या रेकॉर्डीपुढे खूण करायचा. "ज्या गानाना माले कटाळा येस, ते खपस," असं जिभाऊ स्वतःच सांगायचे. आणि त्यात खोटं काही नव्हतं. सुरत-भुसावळ लाइनीवरच्या सगळ्या दुकानांत कोणतं गाणं किती पाठवायचं, ते शहाद्याच्या त्या एका जांभईवर ठरायचं.

ही हकिकत पंचावन्न-छप्पन सालापासून पुढच्या दहा-बारा वर्षांतली. नंदुरबार जिल्हा तेव्हा नव्हता. मी मूळची साताऱ्याकडची, मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून शहाद्याला आले. पहिल्या दिवशी स्टँडवर एका बाईला शाळेचा रस्ता विचारला. तिने अगदी प्रेमाने, हातवारे करून सांगितला, पण तिच्या अहिराणीतलं एक अक्षर मला कळलं नाही. रडकुंडीला येऊन मी समोरच्या दुकानात शिरले. आत गाणं लागलेलं होतं. मी तोंड उघडणार एवढ्यात दुकानातल्या माणसाने एक बोट वर केलं. म्हणजे थांबा. मी ट्रंक हातात धरून गाणं संपेपर्यंत उभी राहिले. पिन उचलून झाल्यावर ते म्हणाले, "बठा बाई. आते सांगा." मला असा राग आला होता म्हणून सांगू! पुढे दहा-अकरा वर्षं मी त्या दुकानात जायची ती बहुधा रागावतच जायची, पण जायची.

जिभाऊ म्हणजे अहिराणीत थोरला भाऊ, मानाचा माणूस. त्यांना सगळा गाव जिभाऊच म्हणे. बायको लवकर गेलेली, एक मुलगी सुरतेला दिलेली. अंगात पांढरा सदरा, डोक्याला काळी टोपी. हाताची बोटं मात्र एखाद्या सोनारासारखी. रेकॉर्ड धरायचे ती कडेला दोन तळव्यांत, आणि दुसऱ्या कुणी मधे बोट लावलं तर यांचा चेहरा दुखल्यासारखा व्हायचा. दुकानात एक पाटी होती. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' अक्षर सुरेख होतं, पण पालन शून्य. महिनाभर वाजवून रेघा पाडलेली रेकॉर्ड कुणी परत आणली तरी जिभाऊ मुकाट्याने घेत आणि बदलून देत. मी एकदा म्हटलं, "अहो, मग ती पाटी कशाला लावलीय?" तर म्हणाले, "पेंटरनी करी दिधी. दुकान म्हनता पाटी जोयजे."

पण एका बाबतीत त्यांचा नियम कडक होता. तुम्ही नवं गाणं मागायला गेलात की ते रेकॉर्ड काढायचे, पुसायचे आणि उलटी लावायचे. म्हणजे ज्या गाण्यासाठी तुम्ही आलात ते खाली आणि भलतंच गाणं वर. "आधी हाई बाजू ऐका. ती ते तुम्ही ऐकीसनच येल शेतस." गिऱ्हाईक चुळबुळ करायचं, कुणाची बस निघायची असायची, कुणाचा बैल बाहेर सुटायचा. जिभाऊ ढिम्म. साडेतीन मिनिटं संपल्याशिवाय रेकॉर्ड कागदात बांधली जायची नाही. "पहिली बाजू बाजारनी, दुसरी घरनी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. मला ते सुरुवातीला अजिबात पटायचं नाही. दुसऱ्या बाजूला कंपनीवाले हाती लागेल ते गाणं भरून टाकतात, असं माझं म्हणणं. जिभाऊ म्हणत, म्हणून तर ऐकायचं.

माझी आवड काय होती ते सांगून टाकते, लपवायचं कशाला? मला सिनेमाची गाणी आवडायची, आणि तीही सगळ्यांना आवडायची तीच. बुधवारी संध्याकाळी रेडिओवर गाण्यांची चढाओढ लागे, कोणतं वर गेलं, कोणतं खाली आलं. मुख्याध्यापिकाबाईंच्या घरी रेडिओ होता. तिथे आम्ही चौघीजणी बुधवारी मुद्दाम काहीतरी विचारायच्या निमित्ताने जायचो. गुरुवारी सकाळी शाळेच्या आधी मी जिभाऊंच्या ओट्यावर हजर. जिभाऊंकडे रेडिओ नव्हता. कोणतं गाणं वर चढलं ते त्यांना माझ्या तोंडून कळायचं, आणि मी नाव सांगितलं की ते ती थप्पी खालच्या फळीवरून वरच्या फळीवर ठेवायचे. मग मला एखादी जुनाट, संथ, कुणी न घेतलेली रेकॉर्ड ऐकवायचे. मी म्हणायची, "जिभाऊ, हे काय रडगाणं लावलंत सकाळी सकाळी?" त्यावर त्यांनी मला कधी हिणवलं नाही, हे मुद्दाम लिहिते. पुण्याकडे मी असे लोक पाहिलेत की जे आपली आवड काठीसारखी हातात घेऊन फिरतात आणि भेटेल त्याच्या पाठीत घालतात. जिभाऊ म्हणायचे, "लोके नादान नई शेतस बाई, घाईमा शेतस. तुम्हले आवडस, ते बी खरंच शे."

बाजाराच्या दिवशी धडगावकडचा एक पावरा आदिवासी शेतकरी यायचा. डिंक, चारोळी असलं काही विकून झालं की तो जिभाऊंच्या दुकानात बाकावर बसायचा. त्याच्या घरी फोनो नव्हता, तो कधीच काही विकत घेणार नव्हता. आल्यावर तो दोन बोटं दाखवायचा, की जिभाऊ दुसऱ्या कप्प्यातली एक सनईची रेकॉर्ड काढून लावायचे. तो डोळे मिटून ऐकायचा, संपली की मान हलवून उठायचा. भाषा एकमेकांची दोघांनाही धड येत नव्हती. एकदा एजंटाच्या देखत हे झालं. तो म्हणाला, "जिभाऊ, याने पिन झिजते, गिऱ्हाईक खोळंबतं. हा माणूस काय घेणार आहे?" जिभाऊंनी त्याच्याकडे असं पाहिलं की बिचाऱ्याने पुढ्यातला चहा निम्मा टाकला.

आता त्या रेकॉर्डीचं सांगते.

एका खेपेला एजंटाने एक नमुना लावला. वरच्या बाजूला झुल्यावरचं काहीतरी उडतं गाणं होतं. जिभाऊंनी रीतसर जांभई दिली. मग सवयीप्रमाणे रेकॉर्ड उलटली. दुसऱ्या बाजूला कुणा प्रौढ बाईचा आवाज होता, थोडा बसका. चार दिवस माहेरी राहून परत निघालेली मुलगी, आणि तिथे काय काय राहून गेलं ते ती एकेक आठवतेय, असं साधं गाणं. त्या बाईंचं नाव सांगून उपयोग नाही. त्यांची दुसरी रेकॉर्ड निघाली नाही. जिभाऊ ऐकता ऐकता बाकाच्या कडेला सरकले. गाणं संपलं आणि त्यांनी ते पुन्हा लावलं. एजंटाने कपाळाला हात लावला. "गेलं म्हणायचं हे," तो म्हणाला, आणि रेकॉर्ड परत पेटीत ठेवायला लागला. जिभाऊ म्हणाले, "सहा धाडी द्या." एजंट हरप्रकारे समजावत होता. पालथ्या घड्यावर पाणी. सहा आल्या. वर्षभरात एकही खपली नाही.

मला त्यांनी ती ऐकवली तेव्हा एका जागी बोट वर केलं. "तठे ऐका. दुसरी ओळना आधी ती दम लेस." खरंच, तिथे त्या बाईंनी श्वास घेतलेला ऐकू येत होता. गवयाने घ्यायचा तसा लपवून नव्हे. डोक्यावरचं ओझं खाली ठेवून बाई घेते तसा. मी म्हटलं, "चूक आहे ती. रेकॉर्डिंगवाल्यांनी काढून टाकायला हवी होती." जिभाऊ म्हणाले, "बाकी समदं शिकाडेल शे. तो दम तिना सोताना शे." मी मान उडवली आणि माझं सिनेमाचं गाणं मागितलं.

न खपलेल्या रेकॉर्डी कंपनीला परत पाठवायची तेव्हा पद्धत होती. त्या लाखेच्या असत. कंपनी त्या वितळवून त्याच लाखेतून नवी गाणी काढी. एजंटाने त्या सहा परत मागितल्या, तेव्हा जिभाऊ पहिल्यांदाच त्याच्यावर चिडले. "तिना गळा वितळाईसन त्यामा दुसरीनं गानं भरतीन?" त्यांनी त्या दिल्या नाहीत. एक स्वतःला ठेवली आणि उरलेल्या पाचांसाठी एक उद्योग सुरू केला. त्या काळी तापीकाठच्या गावांत लग्न निघालं की फोनो आणि डझनभर रेकॉर्डी घ्यायचे. यादी ठरलेली, त्या वर्षी गाजलेली गाणी. जिभाऊ बारा रेकॉर्डी बांधायचे आणि त्यात गुपचूप तेरावी सरकवायचे. फुकट. घरी गेल्यावर कधीतरी कुणीतरी लावेल, निदान एकदा तरी ऐकेल, एवढीच त्या माणसाची अपेक्षा.

ऐकत कोण होतं? दहा-पंधरा दिवसांत माणूस परत यायचा. "जिभाऊ, हाई आमनी नई शे. चुकीनी उनी." लोक प्रामाणिक, त्याला काय करणार? जिभाऊ विचारायचे, "ऐकी का?" तो म्हणायचा, आमची नव्हतीच, तर ऐकू कशी? जिभाऊ ती फडक्याने पुसून पुढच्या लग्नाची वाट बघायला ठेवून द्यायचे. अशा त्या तालुकाभर फिरल्या. एक अक्कलकुव्याच्या वाटेवर बैलगाडीत उन्हाने वाकडी झाली, एक कुणाच्या तरी नवरदेवाने फोडली, दोन आणखी अशाच फुटल्या. एक तेवढी कळसाडीच्या गुजरांच्या घरी गेली ती परत आली नाही. मी म्हटलं, "बघा, त्यांना आवडली." जिभाऊंनी मान हलवली. "पेटीमा पडेल व्हयी. कोनी उघाडीबी नई व्हयी." म्हणजे उरली ती त्यांची स्वतःची एक. ती ते कुणालाही देत नसत. दुकान बंद करायच्या आधी, दिवे लागणीला, रोज एकदा लावत.

माझी आई गेली त्या वर्षी मी दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले होते. चार दिवस राहून परत निघाले, ती फाटकापाशी उभी होती, आणि शहाद्याला पोचून आठवडा झाला नाही तोच तार आली. क्रियाकर्म आटोपून परत आले तेव्हा शाळेत सगळ्यांनी समजूत घातली. मी रडले नाही. मी रडणाऱ्यातली नाहीच. चार-पाच दिवसांनी दुकानावरून जाताना जिभाऊंनी हाक मारली. "बाई, बठा." सांत्वनाचा एक शब्द त्यांनी काढला नाही. ती रेकॉर्ड लावली. दुसऱ्या ओळीच्या आधी त्या बाईंनी दम घेतला, आणि मी भर दुकानात, दोन गिऱ्हाइकांच्या देखत, पदर तोंडाला लावून लहान पोरीसारखी रडले. जिभाऊ दुसरीकडे बघत बसले. मग त्यांनी रेकॉर्ड कागदात घातली, वर पुठ्ठा लावला आणि माझ्या हातात दिली. "लई जा. वाटस तवलग ठेवा." जी वस्तू ते कुणाला हात लावू देत नसत ती. मी एक लहानसा फोनो कर्ज न काढता, पै पै साठवून घेतलेला होता. त्या हिवाळ्यात तो दुसरं काही गायला नाही.

आणि मग मी तिच्यावर बसले.

काय सांगू! वह्या तपासायच्या होत्या, खाटेवर वह्यांचा ढीग होता, वरून चादर पडलेली होती. मी दमून येऊन खाटेवर टेकले आणि खालून कडकन आवाज आला. चार तुकडे. जमिनीवर बसून ते एकेक वेचले. तुकडे जुन्या नऊवारीत गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी ठेवले. उद्या सांगू म्हटलं. उद्या सांगितलं नाही. परवा सांगितलं नाही. मी एवढी फटकळ, शाळा तपासायला आलेल्या इन्स्पेक्टरला तोंडावर सुनावणारी, पण जिभाऊंसमोर उभं राहायची हिंमत होईना. खाई त्याला खवखवे. मी दुकानाचा रस्ता सोडून मागच्या गल्लीने शाळेत जायला लागले. वर्ष झालं. जिभाऊंना वाटलं असेल, बाईंना कशाचा तरी राग आला. तसा निरोपही त्यांनी एका मुलीबरोबर पाठवला होता, "मन्हं काई चुकनं का?" तो निरोप ऐकून मला अन्न गोड लागेना, पण मी गेले नाही.

दिवसही बदलले होते. ट्रान्झिस्टर आले होते. न फुटणाऱ्या नव्या रेकॉर्डी निघाल्या होत्या, त्यांना जिभाऊंचा फोनो चालत नव्हता. जुना एजंट जाऊन नवा पोरगेला एजंट आला, तो छापील यादी घेऊन यायचा आणि जिभाऊंच्या तोंडाकडे बघतसुद्धा नव्हता. एके दिवशी मधल्या सुट्टीत जिभाऊ स्वतः शाळेत आले. टोपी हातात. खूप वाळले होते. म्हणाले, "मी चालनू बाई, सुरतले, आंडेरकडे. दुकान बंद करी टाकं. ती रेकॉर्ड तेवढी द्या. बाकी दुकानमातलं काई लई जात नई." मुलीकडे कायमचे निघालेले होते. रविवारी जायचे होते. मी म्हटलं, "उद्या आणून देते." असं धडधडीत खोटं मी आयुष्यात दुसरं बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि कळसाडीला गेले. एसटीने फाट्यापर्यंत, पुढे कापसाच्या शेतांमधून पायी. डोक्यात एकच विचार. तिथल्या गुजरांच्या पेटीत ती परत न आलेली रेकॉर्ड तशीच पडलेली असेल तर ती मागून घ्यायची, जिभाऊंच्या हातात द्यायची आणि तुकड्यांचं नावसुद्धा काढायचं नाही. गुजरांचं घर सापडायला वेळ लागला नाही. ओसरीत मोठा झोका, त्यावर सहा-सात वर्षांची एक मुलगी. घरातली मोठी बाई, जमनाबा, बाहेर आली; झोक्यावरची तिच्या मुलाची मुलगी. घरात ही मंडळी गुजराती वळणाचं बोलतात, माझ्याशी ती अहिराणीत बोलली. पाणी दिलं, गूळ दिला. मी म्हटलं, "शहाद्याच्या जिभाऊंच्या दुकानाकडून आलेय. सात वर्षांमागे तुमच्या घरच्या लग्नाच्या रेकॉर्डींत एक जास्तीची आली होती." जमनाबाचा चेहरा उतरला. "अशी काई आमना घर नई," ती म्हणाली आणि पदर सारखा करायला लागली.

मी बाई मास्तरीण. खोटं बोलणारं तोंड मला लगेच कळतं, त्यात वर्षभर माझंच तोंड तसं होतं. पण कुणाच्या घरात बसून काय म्हणणार? मी उठले. ओसरीवरून उतरताना झोक्यावरची मुलगी स्वतःशीच गुणगुणत होती. मी थबकले. तेच गाणं. पहिली ओळ संपली. झोका मागे गेला, पुढे आला, आणि दुसरी ओळ सुरू करायच्या आधी त्या एवढ्याशा पोरीने दम घेतला. ओझं खाली ठेवलेल्या बाईसारखा.

मी वळून बघितलं तर जमनाबा खांबाला धरून उभी होती, डोळ्यांत पाणी. "चुकीनी उनी व्हती," ती म्हणाली. "धाडसू, धाडसू करता सात वरीस व्हयी गयात. आते कोनता तोंडे धाडू?" चोरी केल्यासारखं ते तिच्या मनाला लागून राहिलं होतं. बारा रेकॉर्डी पाहुणे आले की लागत. ही ती दुपारी लावायची, सगळे शेतात गेले की, रोज. "समदी गानी पाव्हनासाठे. हाई मन्हासाठे." तिची मुलगी लांब गुजरातेत दिलेली, वर्षाकाठी चार दिवस यायची. "पैसा लई जा बाई, रेकॉर्ड लई जाऊ नका." मी तिचे हात धरले आणि रिकाम्या हाताने परत आले.

संध्याकाळी ट्रंकेतले तुकडे घेऊन जिभाऊंच्या घरी गेले. सामान बांधलेलं होतं. नऊवारी उलगडून चारही तुकडे त्यांच्यासमोर ठेवले, आणि खाटेपासून झोक्यापर्यंत सगळं सांगून टाकलं. जिभाऊंनी तुकड्यांकडे बघितलंसुद्धा नाही.

"वाजाडतस?" त्यांनी विचारलं.

"रोज. दुपारी."

"आनि ती पोर म्हनस?"

"म्हणते."

"दम लेस?"

"घेते. त्याच जागी."

जिभाऊ उठले, खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, "लाखनी चीज शे बाई, फुटस. तुम्ही वरीसभर दुकानवर उन्या नई, ते माले जास्ती लागनं." मी म्हटलं, "जिभाऊ, मला माफ करा." ते म्हणाले, "सकायले कळसाडीले जावानं. तयार ऱ्हावा."

सकाळी आम्ही दोघं गेलो. त्या माणसाला चालवत नव्हतं, फाट्यावरून बैलगाडी मिळाली म्हणून बरं. जिभाऊंना बघून जमनाबाने डोक्यावरचा पदर पुढे ओढला, तिला वाटलं आता झडती. जिभाऊ ओसरीवर बसले आणि म्हणाले, "ऐकाले येल शे. लावा." तिने आतून फोनो आणला, चावी भरली. रेकॉर्ड कापडाच्या पिशवीतून निघाली, हाताने शिवलेली, कडेला लाल दोरा. जिभाऊंनी ती तळव्यांत धरून उजेडात तिरपी केली. एक बाजू नव्यासारखी काळीभोर होती, झुल्यावरच्या गाण्याची. दुसरी झिजून पांढरी पडली होती.

गाणं लागलं. खरखर इतकी की शब्द मधूनच लागत होते. दुसऱ्या ओळीआधीची जागा आली आणि तिथे नुसती खरखरच होती. तो दम घासून घासून गेला होता. मी घाबरून जिभाऊंकडे पाहिलं. सगळं आयुष्य ज्या एका श्वासासाठी हा माणूस ती रेकॉर्ड जपत आला, तो आता जगात कुठेच उरला नव्हता, आणि शेवटचा चांगला मी मोडला होता. तेवढ्यात झोक्यावरच्या मुलीने रेकॉर्डीबरोबर म्हणता म्हणता नेमका तिथे दम घेतला. जिभाऊंचं बोट आपोआप वर गेलं. ते तसंच वर ठेवून त्यांनी गाणं संपेपर्यंत ऐकलं, आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं ते त्यांनी पुसलं नाही.

"इतली घसायेल रेकॉर्ड मन्हा हातमा कधी उनी नई," ते म्हणाले. शहाद्यात शेकड्यांनी रेकॉर्डी विकलेल्या माणसाचं हे बोलणं. इतक्या कौतुकाने ते कुठल्या गाण्याबद्दल बोललेले मी ऐकले नव्हते.

जमनाबाने रेकॉर्ड पिशवीत घातली. क्षणभर तिने ती छातीशी धरली, मग दोन्ही हातांनी जिभाऊंपुढे केली. "ल्या जिभाऊ. तुम्हनीच शे. मन्हा जीवले घोर नको." मीही मनातून म्हणत होते, घ्या, जिभाऊ, घ्या, रविवारी रिकाम्या हाताने जाऊ नका.

जिभाऊंनी टोपी नीट केली आणि दोन्ही हात मागे घेतले.

"दुकानमा पाटी वाची नई का, बहिन? इकेल माल आम्ही परत लेत नई."

रविवारी सकाळी ते सुरतेला गेले. ती पाटी ते माझ्याकडे ठेवून गेले.